घरातले निरोप

कौटुंबिक समुपदेशनाला आम्ही लेकीसाठी गेलो होतो. तेव्हा ती १५ वर्षांची होती आणि चार महिन्यांपासून शाळेची वेळ झाली की तिच्या पोटात कळ यायची. शाळेपुरतंच दुखायचं असंही नव्हतं. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळीसुद्धा कधीकधी ती पोट धरून बसायची. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली. कुठेच काही निघालं नाही. शेवटी तेच म्हणाले, “दोष सापडत नाही याचा अर्थ पोरगी नाटक करते असा नाही. दुखतंय हे खरं आहे. तुम्ही सगळे मिळून एखाद्या कौटुंबिक समुपदेशकाला भेटा.”

‘सगळे मिळून’ हे शब्द मला खटकले. दुखतं तिला, मग सगळ्यांनी कशाला?

घरात आम्ही पाच माणसं. मी, बायको, माझी आई, लेक आणि तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान मुलगा. आरडाओरडा, आदळआपट आमच्याकडे कधीच नव्हती. माझा स्वभाव शांत, असं सगळे म्हणायचे आणि मलाही ते पटलेलं होतं. वाद वाढतोय असं दिसलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो. बायको मागून थोडा वेळ बोलत राहायची, मग तीही गप्प व्हायची. मग अबोला. दोन दिवस, तीन दिवस, एकदा तर अकरा दिवस. पण अबोल्यातही घर चालवावं लागतं. धाकट्याला कोण आणणार, कुठलं बिल भरायचं राहिलंय, पाहुणे कधी येणार, हे कुणीतरी कुणाला तरी सांगावंच लागतं. ते लेक सांगायची. “बाबांना विचार, उद्या उशीर होणार आहे का.” “आईला सांग, होईल.” आम्ही दोघं एकाच खोलीत असतानासुद्धा हे चालायचं. लेक मध्ये उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघायची. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, कारण मी स्वतःही असाच वाढलो होतो. ते पुढे येईलच.

आम्ही आधी एका दुसऱ्याच समुपदेशकाकडे गेलो होतो. त्यांनी वीसेक मिनिटं आमचं ऐकलं आणि अर्धा तास बोलले. आईवडिलांनी वेळ द्यावा, मुलांनी मोठ्यांचं ऐकावं, एकमेकांना समजून घ्यावं. बायकोकडे बघून म्हणाले, “घर बाईच्या हातात असतं.” परत येताना ती वाटेत एक शब्द बोलली नाही. लेकीनं घरी आल्यावर विचारलं, “त्यांनी मला काहीच का नाही विचारलं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथे आम्ही पुन्हा गेलो नाही, आणि दुसरं कुणी शोधायला पुढचे दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत लेकीची शाळा आणखी बुडली. त्याची रुखरुख मला अजून आहे.

दुसऱ्या समुपदेशक बाईंकडे जाण्याआधी बायकोनं फोनवर तीन गोष्टी विचारून घेतल्या. तुमचं शिक्षण काय, कुटुंबांबरोबर काम करायचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, आणि एकानं एकट्यात सांगितलेलं तुम्ही बाकीच्यांना सांगता का. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणालाही विचारून घ्यावं असं मी आता आवर्जून सांगतो. मॅडमनी पहिल्याच भेटीत ते पुन्हा सगळ्यांसमोर, धाकट्यालाही समजेल अशा शब्दांत सांगितलं. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. कुणाच्या जिवाला धोका आहे किंवा मुलाशी कुणी वाईट वागतंय असं कळलं तर मात्र मी गप्प राहू शकणार नाही. आणि एकट्यानं येऊन मला गुपित सांगून ठेवायचं नाही. जे बाकीच्यांना कळणं गरजेचं असेल ते त्यांना सांगायला मी मदत करीन, पण गुपिताची पेटी होणार नाही. त्यानंतर त्यांनी मला आणि बायकोला वेगवेगळं बसवून विचारलं, घरात कुणाची भीती वाटते का, कुणी हात उगारतं का. मला प्रश्न विचित्र वाटला. नंतर त्यांनीच कारण सांगितलं. जिथे मारहाण किंवा धाक असतो तिथे सगळ्यांना एकत्र बसवून बोलायला लावणं धोक्याचं ठरतं. इथे तोंड उघडलेल्या माणसाला घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. अशा घरांसाठी वाट वेगळी असते.

पहिली बैठक सव्वा तासाची होती. खोलीत सहा खुर्च्या गोलात मांडलेल्या. “कुठेही बसा,” मॅडम म्हणाल्या. मी खिडकीकडची खुर्ची घेतली, बायको माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसली आणि ती मधली खुर्ची लेकीनं घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. आई माझ्या दुसऱ्या बाजूला बसली. धाकटा फिरत फिरत ताईच्या पायाशी जमिनीवर. मॅडमनी हे सगळं बघितलं, पण बोलल्या काहीच नाहीत.

मला वाटलं होतं, आता लेकीला विचारतील की शाळेत काय त्रास आहे. त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. “घरात काय बदललं तर इथे आलो त्याचं सार्थक झालं असं तुम्हाला वाटेल?” मी म्हणालो, हिचं पोट दुखायचं थांबावं. बायको म्हणाली, तेच, आणि मग थोडं थांबून, “आणि मला घरात एकटं वाटू नये.” आईनं सांगितलं, सगळे नीट राहावेत, मला दुसरं काय हवंय. धाकटा म्हणाला, ताईनं माझ्याबरोबर शाळेत यावं. लेकीनं नुसते खांदे उडवले. मॅडमनी तिला आग्रह केला नाही.

मग त्यांनी एक वेगळ्याच तऱ्हेचा प्रश्न विचारला. धाकट्याला म्हणाल्या, “आई आणि बाबांचं बिनसलं की तुझी ताई काय करते?”

तो लगेच म्हणाला, “ताई मला तिचे हेडफोन देते.”

“आणि मग?”

“मग मी गाणी ऐकतो. तिच्या खोलीत. मला काही ऐकू येत नाही.”

“आणि ताई?”

“ती दारापाशी बसते. तिला ऐकू येतं.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. लेक खाली बघत होती. आमच्याकडे भांडणं होत नाहीत, असं मी लोकांना सांगत आलो होतो. आणि माझ्या घरात एक १५ वर्षांची मुलगी स्वतःचे हेडफोन भावाच्या कानाला लावून दारापाशी पहारा देत बसत होती. आई-बाबांचं बोलणं कधी तुटेल, कुणाला कुठला निरोप न्यावा लागेल, यासाठी कान टवकारून. मी तिचा बाप असून हे मला माहीत नव्हतं. तिच्या लहान भावाला माहीत होतं.

एकाला दुसऱ्या दोघांबद्दल विचारायची ही पद्धत मिलानमधल्या चार मनोविकारतज्ज्ञांनी रूढ केली, १९८० साली त्यांनी ती लिहून मांडली, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. माणसाला स्वतःबद्दल विचारलं की तो बचाव करतो. घरातल्या इतर दोघांमध्ये काय चालतं हे विचारलं की तो जे बघतो ते सांगतो. लहान मुलं तर सगळंच बघत असतात.

बैठक संपायला दहा मिनिटं असताना मॅडमनी लेकीला विचारलं, “तू आणि बाबा खुर्च्या बदलाल का?” आम्ही उठलो, बदलल्या. आता मी बायकोच्या शेजारी होतो आणि लेक खिडकीपाशी. एवढंच झालं. पण मला तिथे बसणं जड गेलं. बायकोचा हात खुर्चीच्या हातावर होता, माझ्या हातापासून चार बोटांवर, आणि आपण किती दिवसांत इतक्या जवळ बसलो नाही हे तेव्हा जाणवलं. साल्व्हादोर मिनुचिन हे कौटुंबिक उपचारपद्धतीतलं मोठं नाव. तेही भर बैठकीत असं लोकांना जागा बदलायला लावायचे. घराची रचना बसण्यात दिसते आणि ती हलवायची सुरुवातही तिथूनच करता येते, असं त्यांचं म्हणणं. आईवडिलांची एक फळी असावी आणि मुलांनी त्या फळीत येऊन बसू नये. आमच्याकडे ती फळीच नव्हती. मधली जागा रिकामी होती आणि ती लेकीनं भरून काढली होती.

घरी जाताना मॅडमनी एकच काम दिलं. दोन आठवडे निरोप बंद. ज्याला जे सांगायचंय त्यानं ते त्यालाच सांगायचं. कुणी लेकीला निरोप दिला तर तिनं म्हणायचं, “तूच सांग.” धाकट्यालाही आणि आईलाही तोच नियम.

ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या नऊ दिवसांत आमच्या घराची पार दैना झाली. बोलायची सवय नाही आणि निरोप्या नाही, म्हणून गोष्टी राहूनच जायला लागल्या. एक दिवस धाकट्याला आणायला आम्हा दोघांपैकी कुणीच गेलं नाही. मला वाटलं ती जाणार, तिला वाटलं मी. तो पाऊण तास शाळेच्या फाटकाशी बसून होता. त्या संध्याकाळी बायको मला म्हणाली, “हे काय चाललंय?” आणि मी सवयीनं उठलो. दारात लेक उभी होती. मी पुन्हा बसलो. काय बोललो ते आता आठवत नाही, बहुधा काही धड बोललो नसेन. पण बसून राहिलो.

सगळ्यात अवघड लेकीला गेलं, हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, पोरगी हसायला लागेल. उलट ती जास्त अस्वस्थ झाली. दर थोड्या वेळानं येऊन विचारायची, “आईनं सांगितलं का तुला? तू बोललास का तिच्याशी?” पोटातलं दुखणं त्या पंधरवड्यात वाढलं. दुसऱ्या बैठकीत मॅडमनी तिला विचारलं की निरोप न देणं कसं वाटलं. ती पहिल्यांदा सलग बोलली. “मी नाही सांगितलं तर हे बोलणारच नाहीत. मग एक दिवस वेगळे होतील. मग धाकट्याचं काय?”

किती वर्षं ती हे पोटात घेऊन फिरत होती कोण जाणे. पोटात, असंच लिहितो. मराठीत आपण गोष्ट पोटात ठेवतो, माया पोटात असते, भीतीनं पोटात गोळा येतो, आणि तरी तिचं पोट दुखतं म्हटल्यावर आम्ही फक्त सोनोग्राफी केली. तपासण्या करायला नकोत असं मी मुळीच म्हणत नाही. त्या आधी करायच्याच असतात, मॅडमनीही पहिल्यांदा रिपोर्ट मागितले होते. पण मनावरचा ताण मुलांच्या पोटात उतरतो हे डॉक्टरांना नेहमी दिसणारं चित्र आहे, आणि आम्हाला ते आमच्याच भाषेतून कळायला हवं होतं.

कुटुंबातल्या एकाला त्रास होतो तेव्हा बहुतेकदा तो सगळ्या घराचा त्रास वाहत असतो, हा या शास्त्राचा पायाच आहे. मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं १९५० च्या दशकात रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबालाही रुग्णालयात राहायला आणून हे तपासलं होतं. दोघांमधला ताण सोसेनासा झाला की ती दोघं तिसऱ्याला ओढून घेतात, त्याला त्यांनी त्रिकोण म्हटलं. ताण दोघांतून तिघांत वाटला जातो म्हणून त्या दोघांना बरं वाटतं. तिसऱ्याला काय वाटतं हे आम्ही ऐकलंच.

तिसऱ्या बैठकीला मॅडमनी मोठा कागद काढला. तीन पिढ्यांचं चित्र. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, नवरा-बायकोला जोडणारी रेघ, खाली मुलं. वंशावळीत असतं तसंच, पण यात नाती कशी आहेत तेही काढतात. ज्यांचं पटत नाही त्यांच्यात नागमोडी रेघ, ज्यांच्यात दुरावा त्यांच्यात तुटक. त्या दिवशी बहुतेक वेळ आई बोलली. आजवर “मला काय, माझं काय” म्हणून बाजूला बसणारी आई. माझ्या वडिलांनी त्यांच्या सख्ख्या भावाशी १४ वर्षं बोलणं टाकलं होतं. दोघं एकाच वाड्यात राहत होते. वडिलांचे वडील असेच, रागावले की महिना महिना मौन. आई सांगत गेली आणि मॅडम तुटक रेघा काढत गेल्या. कागदावर पुरुषांच्या चौकोनांतून तुटक रेघांची एक माळच तयार झाली. ती माझ्या चौकोनापाशी येऊन थांबली.

मग मॅडमनी आईला विचारलं, “तेव्हा घरातले निरोप कोण न्यायचं?”

आई म्हणाली, “आधी मी. मग हा मोठा झाला, तेव्हा हा.”

मला लख्ख आठवलं. मी सात-आठ वर्षांचा. वडील ओट्यावर बसलेले, आई आत. मी दाराच्या उंबऱ्यावर. “आई विचारतेय, येताय का?” मला ते कामच वाटायचं, त्यात कुणी दुखावतं असं नाही. पण शाळेत असताना मला वरचेवर डोकेदुखी व्हायची आणि मी शाळा बुडवायचो, हेही आईनंच त्या दिवशी सांगितलं. मी ते साफ विसरून गेलो होतो. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. ती लेकीकडे बघून म्हणाली, “बाळा, मला कळायला हवं होतं गं. मी बघितलेलं होतं सगळं.”

त्या कागदाचा माझ्यावर जितका परिणाम झाला तितका दुसऱ्या कशाचाच झाला नाही. मी वाईट नवरा किंवा वाईट बाप आहे असं कुणी म्हणालं असतं तर मी पुन्हा गप्प झालो असतो. कागदावर फक्त रेघा होत्या. ही आपल्या घरात चालत आलेली गोष्ट आहे आणि ती आता माझ्या हातात आहे, एवढंच त्यातून दिसत होतं.

त्यानंतर मुलांना दर वेळी यायची गरज नव्हती. पुढच्या पाच बैठका फक्त माझ्या आणि बायकोच्या झाल्या. मुलांना तसं सांगून टाका, असं मॅडमनी मुद्दाम सुचवलं. “आमच्या दोघांमधलं आम्ही दोघं बघतोय, ते तुमचं काम नाही.” मी लेकीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “नक्की?” मी म्हणालो, नक्की. तिचा विश्वास बसला नव्हता हे दिसत होतं, आणि तिनं विश्वास ठेवावा असं तोवर मी काही केलंही नव्हतं.

दोघांच्या पहिल्याच बैठकीत वाद झाला. मी खुर्चीतच थिजलो. मॅडम म्हणाल्या, “मनगटावर बोटं ठेवा आणि नाडी मोजा.” मिनिटाला ११२ ठोके. बाहेरून मी दगडासारखा बसलो होतो. बायको माझ्याकडे बघतच राहिली. तिला इतकी वर्षं वाटत होतं की मला काहीच वाटत नाही. आणि मला वाटत होतं की मी स्वतःला आवरून घराला वाचवतोय. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना बोलायला बसवून, त्यांच्या शरीरावर यंत्रं लावून हेच मोजलं होतं. नाडी शंभराच्या वर गेली की माणसाला समोरचं बोलणं नीट ऐकूच येत नाही, आणि शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. संवाद पार बंद करून भिंत होऊन बसणं हे संसाराला पोखरणाऱ्या चार गोष्टींपैकी एक, असंही त्यांनी म्हटलंय. बाकीच्या तीन म्हणजे समोरच्याच्या स्वभावावरच बोट ठेवणं, तुच्छ लेखणं आणि प्रत्येक गोष्टीत स्वतःचा बचाव करणं. चौथीत मी तरबेज होतो.

उपाय म्हणून मॅडमनी उठून जायला मनाई केली नाही. वेळ मागून जा, असं सांगितलं. “मला आता सुचत नाहीये, अर्धा तास दे, साडेनवाला इथेच येतो.” आणि त्या अर्ध्या तासात मनात भांडण चालू ठेवायचं नाही. चालायचं, काहीतरी वाचायचं, अंगातला ताण उतरू द्यायचा. मग ज्यानं वेळ मागितला त्यानंच परत येऊन विषय काढायचा. माझं उठून जाणं म्हणजे दार लावून घेणं असायचं. हे दार उघडं ठेवून जाणं होतं.

पहिल्यांदा मी अर्धा तास मागितला आणि परत आलो नाही. आडवा झालो आणि झोप लागली, असं मी सकाळी म्हणालो, आणि ते खरंही होतं. बायको साडेबारापर्यंत बाहेरच्या खोलीत बसून होती. पुढच्या बैठकीत ती म्हणाली, “आधी निदान मला माहीत होतं की हा येणार नाही. आता मी वाट बघते.” त्या काळात माझ्याकडून तिला जो काही त्रास झाला त्यात हा सगळ्यात वाईट होता, असं मला वाटतं. त्यानंतर मी फोनवर गजर लावायला लागलो.

सगळ्यात खोल रुतलेली गोष्ट मात्र दोघांच्या तिसऱ्या बैठकीत वर आली. काही वर्षांपूर्वी मला ऑफिसनं दुसऱ्या शहरात बढतीवर बदली देऊ केली होती. घरात वाद होतील, मुलांची शाळा, आईची तब्येत, असा सगळा विचार करून मी परस्पर नकार दिला. आईला तेवढं बोललो होतो. वर्षभरानं आईच्या बोलण्यातून ते लेकीला कळलं आणि लेकीकडून बायकोला. मला ते त्यागासारखं वाटायचं. बायको मॅडमसमोर म्हणाली, “मला त्या शहरात जायचं होतं. माझं शिकायचं राहिलेलं तिथे झालं असतं. ह्यानं मला न विचारता माझ्या वतीनं नाही म्हटलं, आणि मला ते माझ्या पोरीच्या तोंडून कळलं.”

मॅडमनी मला फक्त ती जे म्हणाली ते तिला परत सांगायला लावलं. स्वतःचं काही न घालता. मी म्हणालो, “तुला बदली हवी होती.” बायकोनं मान हलवली, नाही. “मी तुला विचारलं नाही म्हणून तुला राग आला.” तेही पुरेसं नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाचव्या वेळी मी म्हणालो, “तुझ्या आयुष्याचा निर्णय झाला आणि तू त्या खोलीतच नव्हतीस.” ती रडायला लागली. म्हणाली, “हो. एवढंच.”

त्यानंतर तीन आठवडे घरात वाईट गेले. इतकं सगळं वर आल्यावर ते लगेच खाली बसत नाही. बायको म्हणाली, मला आता तिथे यायचं नाही, सगळं उकरून काय मिळालं? मलाही सोडून द्यावंसं वाटत होतं. कुणी समुपदेशनाला निघालं असेल तर त्यांना हे माहीत असावं. मधे एक टप्पा असा येतो की आधीचं बरं होतं असं वाटतं, आणि पुष्कळ जण नेमके तिथूनच परत फिरत असतील. आम्ही एक बैठक चुकवली, मग गेलो. मॅडमनी कौतुकही केलं नाही आणि बोलही लावला नाही. पुढचं काम सुरू केलं.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार धीर देऊन गेली. जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कधीच पूर्ण मिटत नाहीत, असं गॉटमन यांच्याच अभ्यासात दिसलं. स्वभावातल्या, सवयीतल्या फरकांमधून ते उगवतात आणि पुन्हापुन्हा येतात. सुखी जोडप्यांचेही येतात. आम्ही सगळे वाद मिटवायला निघालो होतो आणि मिटत नाहीत म्हणून हरल्यासारखे झालो होतो. बदलीचा विषय मिटलेला नाही. तो मिटण्यासारखा नाहीच, ती संधी गेली. पण बायकोनं त्याच वर्षी शिक्षणासाठी अर्ज भरला आणि तो भरताना आम्ही दोघं शेजारी बसलो होतो.

लेकीचं दुखणं एका दिवसात गेलं नाही. मॅडमनी तिच्यासाठी वेगळ्या, किशोरवयीन मुलांबरोबर काम करणाऱ्या समुपदेशकांचं नाव सुचवलं. तिथे ती काय बोलते ते आम्हाला ठाऊक नाही आणि आम्ही विचारत नाही. शाळेशी बोलून सुरुवातीला अर्धा दिवस, मग पूर्ण, असं ठरवलं. मधे एक आठवडा पुन्हा काहीच जमलं नाही. आमच्या एकूण ११ बैठका झाल्या, सात महिन्यांत. नवव्या बैठकीच्या सुमारास लक्षात आलं की आपण बरेच दिवस तिला पोटाचं विचारलेलं नाही. आता महिन्यातून एखाद्या वेळी दुखतं. तेव्हा ती सांगते.

एकदा मी कामात होतो आणि हाक मारली, “अगं, आईला जरा विचार, उद्या…” ती पुस्तकातून वर न बघता म्हणाली, “आई आत आहे, बाबा.” आवाजात राग नव्हता. मी उठून आत गेलो.

शेवटच्या बैठकीला पुन्हा सगळे गेलो. धाकट्यानं दारातूनच विचारलं, आता कुणी कुठे बसायचं? लेक म्हणाली, मी खिडकीपाशी, आणि जाऊन बसली.

परवा रात्री माझं आणि बायकोचं चांगलंच वाजलं. विषय जुनाच, मी न सांगता ठरवलेल्या एका गोष्टीचा. माझा आवाज चढला, तिचाही. मी म्हणालो, अर्धा तास दे, दहाला येतो. गच्चीवर फेऱ्या मारून आलो तेव्हा दहाला पाच कमी होती. धाकटा बाहेरच्या खोलीत, जमिनीवर, चित्र रंगवत पालथा पडलेला होता. आम्ही बोलत होतो तेव्हाही तो तिथेच होता. उठून ताईच्या खोलीत गेला नव्हता. बायको खुर्चीत बसली होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, “हं, तू काय म्हणत होतीस?”

तिनं सांगायला सुरुवात केली. तो रंगवत राहिला.